पोटाच्या कातड्याचं कलम

मु. हैदराबाद, मोठा दवाखाना, बायांचा वॉर्ड
संक्रांतीनंतरचा शनवार, सन १९४६

चि. बिरूस, साखराबाईचा आशीर्वाद. वरती काय काय लिहायचं असतं ते समदं लिहिलं असं समज.

मला काय नटायचं न्हाई, हे आधी सांगून ठेवते. म्हातारपनी कुनाला दाखवायला म्हनून मी हे करून घेऊन राह्यले असं कुनाच्या मनात आलं असंल तर त्यानं ते काढून टाकावं. पन्नाशी उलटली, कपाळ मोकळं होऊन जमाना झाला. चोळीची एक बाजू रिकामी पडली म्हनून मी एक दिवस रडले न्हाई. तू इचारलं न्हाईस, ठाऊक हाय. पन या वॉर्डातली परत्येक बाई माझ्याकडं तसंच बघून राह्यलीय, म्हनून लिहिलं.

आता बराबर सांगते, म्हंजे पुना खोदून इचारायला नको. मागच्या उन्हाळ्यात जालन्याच्या मिशनात माझं उजवं थान काढलं तवा तू व्हतासच. गाठ खोल गेल्ती, म्हनून भवतालचं कातडं बी न्यावं लागलं. उरलेलं ओढून पुरलं न्हाई. मधात तळहाताएवढी जागा उघडीच राह्यली. भरंल म्हनले, भरली न्हाई. पावसाळा गेला, दिवाळी गेली, ती आपली तशीच वली. वास सुटला. हात खांद्याच्या वर जाईना.

घनसावंगीला सांडूनं माझं अंथरून मेंढवाड्याच्या कुडाशी टाकलं. पुतन्या वाईट न्हाई. त्याची बायको भाकर आनायची, खाली ठेवायची अन् पदर नाकाला लावून जायची. एक दिवस म्हनली, काकी, चुलीपाशी येत जाऊ नका, लेकरं जेवत न्हाईत. मी म्हनलं बराबर हाय. मलाच सोसंना तर लेकरांनी का सोसावं? पन चूल माझी हाय, बिरू. तुझ्या दाजीनं अन् मी नदीचे दगड आनून मांडलेली. मला तिच्यापाशी बसून भाकर थापायची हाय. एवढंच काम हाय माझं इथं. छाती बंद झाली की मी घरी जाते.

इथला डाक्टर लढाईवरून आलाय. जळालेल्या शिपायांची तोंडं नीट केली म्हनतेत. ज्याचं कातडं त्यालाच लावायचं, ही त्याची रीत. माझ्या पोटावर त्यानं दोन उभ्या चिरा दिल्या, मधलं कातडं उचललं, गुंडाळून वळकटी केली. दोन्ही टोकं पोटालाच राहू दिली. टोपलीची कडी असती ना, बिलकुल तशी दिसती. ही कडी जगली की वरचं टोक सोडवून छातीला शिवायचं. तिथं जीव धरला की खालचं टोक कापायचं अन् समदी उलगडून जखमेवर पसरायची. मला म्हनला, बाई, आंब्याचं कलम पाह्यलं का? म्हनलं पाह्यलं. म्हनला, तसंच हे. दोन्हीचा जीव एक होईस्तवर मागची मुळी तोडायची न्हाई.

एवढं एक शानं बोलला. बाकी निसता बाऊ. कुशीवर होऊ नका, जोरात खोकू नका, हासू नका. हासू नका म्हने! इथं हासायला हाय काय?

थंडी हाय, कोकरं आत घे. गोपिकेला म्हनावं घोंगडीचं सूत बारीक काढ, मागच्या खेपेला सुतळी काढल्ती तिनं. लोभ हाय तेवढा बस. वाढवशील तर ठेवायला खाटेखाली एकच पेटी हाय.

साखराबाई

—

मु. हसनाबाद
माघ महिना, गुरवार

ती. आक्कास, बिरूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

पत्र पावलं. दोनदा वाचलं. तू धुळीत बोट धरून शिकवलेली अक्षरं हायत, म्हनून वाकडी येतेत, माझा इलाज न्हाई. गोपिकेला वाचून दाखवलं. कडीपाशी आलो तवा ती उठून बाहेर गेली. मागून आली अन् म्हनली, सुतळीचं मी ध्यानात ठेवलंय म्हनावं, वन्सं बऱ्या होऊन आल्या की भांडू.

आक्का, एक मनातलं लिहितो, हासू नको. डाक्टरला कातडंच पायजे ना, मंग तुझ्या पोटाचं कशाला? माझी पाठ बघ केवढी हाय. उन्हातानात रापलेली हाय, पन मजबूत हाय. एकाच आईचं दूध प्यालो आपन, मंग माझं कातडं तुला का चालत न्हाई? तू इचार. मी गाडीत बसून येतो. गोपिका बी म्हनली जा.

सांडूचं वाचून माझा जीव जळाला. तू हसनाबादला ये म्हनून मी कितीदा म्हनलं. इथं तुला कोन चुलीवरून उठवतंय बघतो मी. पन तू आयकायची न्हाईस, तुला तुझीच चूल पायजे.

कलम म्हंजे नीट काय ते समजावं म्हनून मी रामराव पाटलाच्या बागंत गेल्तो. माळ्यानं दाखवलं. पावसाळ्यात बांधलेलं एक कलम अजून झाडालाच व्हतं. सुतळीनं आवळून आवळून बांधलेलं. म्हनला, बांध ढिला राह्यला तर कलम धरत न्हाई, हवा शिरती. मी लई येळ बघत उभा राह्यलो. माळ्याला वाटलं मला कलम चोरायचं हाय.

काळ्या मेंढीला जुळी झाली. दोन्ही माद्या. देवाची दया. तुझी दया आमच्यावर हायच, ती कमी करू नको.

तुझा बिरू

—

मु. हैदराबाद, मोठा दवाखाना
होळीच्या आधीचा मंगळवार

चि. बिरूस आशीर्वाद.

तुझ्या पाठीचं डाक्टरला सांगितलं. हासला. मला हासू नका म्हनतो अन् आपन हासतो. म्हनला, भावाचं असो का बापाचं, दुसऱ्याचं कातडं अंगाला रुजत न्हाई, आठ-पंधरा दिवसांत सडून पडतं. आपलं ते आपलंच. तवा तुझी पाठ तुझ्यापाशी ठेव, घोंगडी टाकायला कामी येईल. त्यानं तुझं नाव इचारलं मातर. मी सांगितलं.

दुसरं आपरेशन झालं. कडीचं वरचं टोक सोडवलं अन् छातीला शिवलं. आता पोटापासून छातीपातूर कातड्याचा पूल हाय. मला वाकूनच चालावं लागतं, ताठ झाले की ओढ बसती. एक गंमत सांगू? छातीपाशी माशी बसली तर मला पोटावर बसल्यासारखं वाटतं. तिथं मारते तर तिथं माशीच न्हाई. पाच-सात बायांनी हे ऐकून आपापल्या पोटाला हात लावून पाह्यला.

जीव सगळा खालूनच येऊन राह्यलाय, पोटाकडून. वरची मुळी धरायला तीन आठवडे लागतेत. तवर इथं पडून राहा म्हनला. मी म्हनलं, मी काय ल्हान लेकरू हाय का? त्यात तो गावाकडं चाललाय, अन् वॉर्डाला चुना मारायचा हाय. लई हुज्जत झाली. शेवटी म्हनला, रोज बघनारी शिकलेली नर्स असंल तरच सोडतो. तवा मी सोनूबाईचं नाव घेतलं. सोनूबाई तीच, मिशनातली. बाप मिशनच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायचा, तवा मडमेनं मला शाळेत घातल्तं, तिथली माझी जोडीदारीन. ती शिकत राह्यली अन् नर्स झाली, माझं लगीन झालं. डाक्टरनं तिच्यासाठी एक लांबलचक चिठ्ठी दिली. रंग बघा, गुलाबी तर ठीक, निळा झाला तर तार करा, अन् आनखी काय काय. ते तिनं वाचायचं, मी कशाला ध्यानात ठेवू?

तर मी उद्याच्या गाडीनं जालन्याला येऊन राह्यले. मिशनातच, सोनूबाईच्या खोलीत राहीन. पाडवा झाला की माघारी हैदराबाद, तिसरं आपरेशन, अन् सुट्टी. तू होळीला येऊन जा. एकटा ये. गर्दी आनू नको, रडारड आनू नको, पुरनपोळी आनली तर चालंल. लोभ असंल तर पोळीत तूप घालून दाखव.

साखराबाई

—

मु. हसनाबाद
धुळवडीनंतर तिसऱ्या दिवशी

ती. आक्कास, बिरूचा दंडवत.

मी खुशाल पोचलो. तुला बघून आल्यापासून माझ्या जिवाला लई हलकं वाटून राह्यलंय. आधी भ्यालो व्हतो, खरं सांगतो. तू लुगडं बाजूला करून दाखवलंस तवा मी खाटेची दांडी धरली. पन गुलाबी रंग बघितला अन् वाटलं, हे जितं हाय. हे धरनार.

तू शिव्या दिल्यास त्या मी बिलकुल मनावर घेतल्या न्हाईत. तुला हे थोतांड वाटतं, मला म्हाईत हाय. पन मी माळावरच्या बिरोबापाशी बोललो व्हतो, आक्का. दोरा काळ्या मेंढीच्या लोकरीचा हाय, गोपिकेनं सोता कातला, या खेपेला बारीक. पाच दिवस भंडाऱ्यात ठेवला, अन् मी पाच दिवस भाकर खाल्ली न्हाई. मंग तुझ्यासाठी आनला. मला रडू आलं तवाच तू म्हनलीस, बांध लेका, अन् जल्दी कर, कुनी येईल. सोनूबाई देवीच्या साथीसाठी अंबडला गेल्ती ते बरंच झालं. त्या ख्रिस्ती, त्यांना आपला बिरोबा पटला नसता, अन् मला त्यांच्याशी भांडता येत न्हाई.

माळ्यानं सांगितलं तसंच बांधलं. खालच्या मुळीपाशी, पोटाजवळ, जिथून जीव येतो म्हनलीस तिथंच. आधी ढिला वाटला म्हनून आनखी एक येढा दिला अन् निरगाठ मारली. बांधताना तू दात आवळलेस. मी इचारलं तर म्हनलीस, तुझा हात गार हाय. पट्टीखाली बराबर झाकला गेलाय, कुनाला दिसायचा न्हाई. भिजला तरी काढू नको. आपली लोकर हाय, भिजली की आनखी घट्ट बसती.

गोपिका म्हनती, सुट्टी झाली की वन्सं घनसावंगीला जायच्या आधी इथं आठ दिवस येऊ द्यात. तुझी चूल काय पळून जात न्हाई. आक्का, मी आज पोटभर जेवलो. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा बिरू

—

मु. हैदराबाद, मोठा दवाखाना
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी

सोनूबाईस, साखरीचा रामराम. तू तुझ्या येशूचं नाव घालून वाच.

गाडीत बसवून दिलंस तवा तू एक शब्द बोलली न्हाईस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. शाळेत असताना तू पाटी फुटली तरी अशीच गप बसायचीस, अन् मार मी खायची.

व्हायचं ते झालं. तू अंबडहून येऊन कातरीनं दोरा कापलास तवाच कडी काळी पडल्ती. तुला वाटलं व्हतं अजून खालून थोडा जीव असंल. नव्हता. इथं आले तवर समदी सुकल्या वांग्यासारखी झाल्ती. डाक्टर गावाहून आल्ता. त्यानं सुई टोचून पाह्यली, रगत आलं न्हाई. मला काही लागलं बी न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यानं ती वरून अन् खालून कापून काढली. आता पोटावर बी एक जखम, छातीवर तर व्हतीच.

तू अंबडला जाताना मला आरसा देऊन गेल्तीस, रंग बघत जा म्हनून. मी बघितला न्हाई. दुखत व्हतं, ठनकत व्हतं. मंग ठनकायचं थांबलं. मला वाटलं, चला, बसलं.

डाक्टरनं इचारलं, हा आवळल्याचा वळ कशाचा? मी म्हनलं, दोऱ्याचा. कुनी बांधला? म्हनलं, मी. का? म्हनलं, कलमाला बांधतेत म्हनून. त्यानं हातातली पट्टी खाली ठेवली अन् बाहेर गेला. लई येळानं माघारी आला. माझ्याशी नीट बोलला, सोनू, ओरडला न्हाई. म्हनला, कलमाचं मीच सांगितलं व्हतं. मला त्याची दया आली. वयानं आपल्या बिरूएवढाच असंल.

पुन्हा करता येईल का म्हनून मीच इचारलं. डाव्या बाजूचं पोट हाय म्हनलं, मांडी हाय. त्यानं आधी काख चाचपली. उजव्या काखेत बोरीच्या बीएवढी गाठ हाय. एक न्हाई, दोन. मला ठाऊक व्हती, शिमग्यापासून लागत व्हती. म्हनला, आता कलमाचं राहू द्या, बाई. एवढंच म्हनला, अन् मला बी समजलं. मी काही खुळी न्हाई.

आता तुझं काम. दोरा कुनी बांधला हे तुला न् मला म्हाईत. तिसऱ्या कुनाला न्हाई. बिरूनं इचारलं तर सांग, रगत खराब व्हतं, रुजलं न्हाई. तुम्हा लोकांना खोटं बोलनं पाप असतं, तर ते पाप माझ्या नावावर टाक. तो लेकरू हाय. चाळिशी आली तरी लेकरूच हाय. आई गेली तवा मी त्याला पाठीशी बांधून मेंढरं राखली. त्यानं पाच दिवस उपास काढून तो दोरा आनला, सोनू. मला न्हाई म्हनवलं न्हाई.

मला पुना इचारू नको दुखतं का. दुखतं. लोभ ठेव, पन तोंडाला कुलूप बी ठेव.

साखराबाई

—

मु. हसनाबाद
चैत्र, सोमवार

ती. आक्कास, बिरूचा दंडवत.

तुझं कार्ड पोचलं. कलम धरलं न्हाई, काळजी करू नको, एवढंच लिहिलंस. एवढ्या वळीत मी काय समजू? गोपिका कार्ड उलटंपालटं करून बघती, मागं काही लिहिलं असंल म्हनून. तिला वाचता येत न्हाई तरी बघती.

आक्का, मी रोज इचार करून राह्यलोय. माळ्याकडं पुना गेल्तो. म्हनलं, कलम का मरतं? म्हनला, बहुतेक बांध ढिला राहतो. तर मी ढिला बांधला व्हता का? तुझं तोंड बघून माझा हात आखडला व्हता. आनखी एक येढा द्यायला पायजे व्हता. तसं असंल तर सांग, मला राग येनार न्हाई, माझ्याच हातचं हाय.

आपल्या गावचा कडूबा लोकर घेऊन हैदराबादला चाललाय, त्याच्यापाशी दुसरा दोरा दिलाय. तो तुला खाटेपाशी आनून देईल. डाक्टर पुना करनार असंल तर या खेपेला तिथल्या नर्सकडून बांधून घे, तिचा हात आखडायचा न्हाई. मी पुना उपास धरलाय. गोपिका ओरडती, तिच्याकडं लक्ष देऊ नको.

जुळ्यांतली एक मेली. दुसरी मजेत हाय. आमच्यावरची माया पातळ करू नको.

तुझा बिरू

—

मु. जालना, मिशन दवाखाना
ता. २९ एप्रिल १९४६

प्रिय साखरे, सोनूबाईचा सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून माझ्या उशाशी आहे. मी कोणाला काही बोलले नाही. पण आता जे झालं ते तुला कळवलं पाहिजे.

काल तुझा बिरू इथं आला होता. बायांच्या वॉर्डात पुरुषांना येऊ देत नाहीत, म्हणून कडुनिंबाखाली उभा राहिला होता, कोणी हाक मारेपर्यंत. खूप वाळला आहे. मी त्याला पाणी दिलं. त्यानं विचारलं, दोरा ढिला होता का? तू सांगितलेलं मी बोलून दाखवलं. रक्त खराब होतं, म्हटलं. मला खोटं बोलायची सवय नाही, साखरे, माझा आवाज मलाच परका वाटला. तो म्हणाला, बाई, मी कसा बांधला ते तुम्ही बघा अन् चूक सांगा. त्यानं खिशातून लोकरीचा दोरा काढला, पाण्यात बुडवला आणि आपल्याच डाव्या करंगळीला बांधला. दोन वेढे, वर निरगाठ. मग माझ्याकडं हात करून उभा राहिला आणि बोलत राहिला. तुझ्याबद्दल, आईबद्दल, मेंढरांबद्दल. मी त्याच्या बोटाकडं बघत होते. बोट आधी लाल झालं, मग जांभळं, मग निळं.

मला राहवलं नाही. कातर काढली आणि दोरा कापला. एक शब्द बोलले नाही. पण तो बोलायचा थांबला. बोटाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कातरीकडं. पाणी न पिता गेला.

साखरे, तू त्याला खरं सांग. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. पण उद्या त्यानं गोपिकेला किंवा एखाद्या लेकराला टाके पडल्यावर असाच दोरा बांधला तर? आणि माणूस अर्धवट जाणून किती दिवस राहील? मी देवापुढं दोघांचंही नाव घेते. तू हसशील, हस. आता तुला हसायला कोणी मनाई केलेली नाही.

तुझी, तू फोडलेल्या पाट्यांची साक्षीदार,
सोनूबाई

—

मु. हसनाबाद

आक्का, माझं बोट निळं झालं. खरं सांग.

बिरू

—

मु. हैदराबाद, मोठा दवाखाना
अक्षय्य तृतीया झाल्यावर

चि. बिरूस, साखराबाईचा आशीर्वाद.

कार्ड मिळालं. नमस्कार घालायचा इसरलास. ल्हानपनी असा इसरला असतास तर कानाखाली बसली असती.

डाक्टर मला सोडून राह्यलाय. जखम बंद व्हायची न्हाई. ती तशीच राहनार, पट्टी करायची, माश्या बसू द्यायच्या न्हाईत, संपलं. सांडूला निरोप धाडला व्हता. त्याचं उत्तर आलं, काकी, कुड नीट बांधून ठेवतो. चुलीचं त्यानं काही लिहिलं न्हाई. मी बी आता इचारनार न्हाई. ती चूल त्याच्या बायकोला राहू दे. दगड चांगले हायत, लवकर तापतेत.

मी हसनाबादला येऊन राह्यले. तू कितीदा म्हनलास, मी आयकलं न्हाई, आता आयकलं. माझं अंथरून पडवीत टाक, वाऱ्याच्या अंगाला, म्हंजे वास तुमच्या घरात शिरायचा न्हाई. पट्टी मी माझ्या हातानं करीन. पाठीमागची गाठ मला मारता येत न्हाई, हात वर जात न्हाई, ती रोज तू मारायची. गोपिकेनं न्हाई, तू. अन् हात आखडायचा न्हाई. मी वरडले तरी आखडायचा न्हाई. उपास आजच्या आज सोड. मला भाकर देनारा मानूस उपाशी असंल तर मी जेवायची न्हाई.

मी फार दिवस तुमच्या दारात बसनार न्हाई. किती, ते मी इचारलं न्हाई, तू बी इचारू नको. कडूबाच्या बैलगाडीनं जालन्याहून येईन. जालन्याच्या टेशनावर तू ये. रडत आलास तर मी आगगाडीतून उतरायची न्हाई, सरळ मनमाडला जाईन.

कडूबानं आनलेला दुसरा दोरा मिळाला. मनगटाला बांधून घेतलाय, ढिला. सूत बारीक हाय. गोपिकेला म्हनावं, मानलं.

अन् एक, हे नीट ध्यानात ठेव अन् घरात समद्यांना सांग. देवाचा दोरा मनगटाला बांधायचा असतो, न्हाईतर गळ्यात. जिथं कापलंय, शिवलंय, टाके हायत, तिथं कुनाला बी, कंदी बी, काहीच आवळून बांधायचं न्हाई. मानसाला न्हाई, मेंढराला न्हाई. का म्हनून कुनी इचारलं तर आक्का म्हनली म्हनून सांग.

आता तू खरं सांग म्हनलास. कातडं माझं व्हतं, पोट माझं व्हतं. बांध म्हननारं तोंड माझं व्हतं. यात तुझं काय व्हतं ते मला तरी दिसत न्हाई. सोनूबाईला छळायला पुना जाऊ नको, तिला बोलता येत न्हाई.

लोभ जितका व्हता तितकाच ठेव, एक कन कमी झालेला मला चालायचा न्हाई.

साखराबाई

त्या दोऱ्याचं मी यापुढं एक अक्षर बोलनार न्हाई. पत्रात न्हाई, घरी आल्यावर न्हाई, पट्टी बांधताना तू इचारलंस तरी न्हाई. इचारू नको.